जतच्या रस्त्यावरची हळद

“झाकणाला हात लावू नका!”

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मागच्या सीटवर डुलकी लागलेल्या हौसाआत्या दचकून जाग्या झाल्या, आणि बॉनेटमध्ये वाकलेले आमचे हे होते तसेच वाकून राहिले. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. नवऱ्यावर ओरडायची ती माझी पहिलीच वेळ. पुढं पुष्कळदा ओरडले, तो भाग वेगळा.

“का? काय झालं?”

“आत वाफ कोंडलीय. आत्ता उघडलंत तर उकळतं पाणी तोंडावर येईल. उद्या भावाच्या लग्नात तोंड दाखवायचंय ना?”

ह्यांनी हात मागं घेतला. “मला म्हाईत हाय,” म्हणाले. “मी नुसतं बघत हुतो.”

माहीत कसलं! हे सोसायटीत कारकून. जुनी पांढरी मोटार त्याच वर्षी घेतलेली, आणि ती दामटण्यापलीकडं गाडीतलं ह्यांना ओ की ठो कळत नव्हतं. गाडीच्या डिकीत हत्यारं म्हणून एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि उदबत्तीचा पुडा. पुडा मात्र नवीन होता.

मे महिन्याची दुपार. जत मागं टाकलं होतं आणि पुढं नुसता माळ. बाभळीसुद्धा अंग चोरून उभ्या होत्या. माझ्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता, आणि त्या डब्यात उष्टी हळद. सकाळी माझ्या धाकट्या दिराला, उत्तमला, हळद लागली. त्यातली उरलेली नवरीकडं पोचवायची, ती पोचली की मगच तिला हळद लागणार. तोवर ती उपाशी. त्यात छायाच्या, म्हणजे नवरीच्या घरची रीत अशी की हळद दिवस मावळायच्या आत लागलीच पाहिजे. एकदा दिवस मावळला की त्यांच्यात त्याला अपशकून धरतात.

आणि अपशकून म्हटलं की बोट कुणाकडं जाणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

हौसाआत्या माझ्या सासऱ्यांची बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आल्या. थोड्याच वर्षांत माझ्या सासूबाई गेल्या. ह्यांना आणि उत्तमला दोघांनाही आत्यांनी वाढवलं. उत्तम तर त्यांच्या कडेवरच चालायला शिकला म्हणायचा. बाई मोठी तोंडाळ, हसरी, कुणाला म्हणून सोडायची नाही. पण घरात मंगलकार्य निघालं की तीच बाई कुठं दिसायची नाही. माझ्या लग्नात त्या दिवसभर कोठीच्या खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी पाया पडायला म्हणून शोधत गेले, तर म्हणाल्या, “हितनं पड, उंबऱ्यातनं. आत यिऊ नगंस.”

उत्तमनं मात्र त्या दिवशी सकाळी कमालच केली. पाटावर बसला, आणि पहिलं बोट लागायच्या आत म्हणाला, “हळद घिऊन आत्या जाणार आसंल तर लावा. न्हाईतर मी उठतो.” केवढा गोंधळ झाला! शेवटी वडीलधाऱ्यांनी तोड काढली. डबा सुनेच्या मांडीवर राहील, सवाष्ण ती, तीच हात लावील. आत्यांनी नुसतं घरची वडील म्हणून जायचं. आम्ही निघालो तेव्हा चुलत सासूबाई दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, “जा बाई. वाटंत काय इपरीत होऊ नये म्हंजे झालं.”

आणि आता ते विपरीत भर उन्हात आमच्यासमोर वाफ सोडत उभं होतं.

आत्या खाली उतरल्या. पदर डोक्यावर ओढून त्यांनी गाडीकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“वैजू, माझ्यामुळं तर न्हाई न्हवं गं?”

“आत्या, गाडीला काय कळतंय आत कोण बसलंय ते?”

“गाडीला न्हाई कळत. मानसांस्नी कळतंय.” आणि हसल्या. त्यांचं ते हसणं मला बघवलं नाही.

हा गाडीचा तिसरा थांबा होता. पहिल्यांदा तापली तेव्हा हे म्हणाले, “ऊन लई हाय.” पाणपोईच्या रांजणातून कळशीभर पाणी घातलं. दुसऱ्यांदा तापली तेव्हा पंख्याचा पट्टा ढिला झाल्याचा शोध लागला, तो ताणून घट्ट केला. एका मळ्यात विहिरीच्या मोटारीवर पुन्हा पाणी भरलं, शिवाय एक कॅन भरून बरोबर घेतला. आता ह्यांच्याकडं तिसरं कारण तयार होतं. “इंजिनच म्हातारं झालंय, त्याला काय करनार?”

मी तोपर्यंत गप्प होते. माझ्या वडलांचं, आण्णांचं, मिरजेत रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. माझं बालपण कढई-पातेल्यांपेक्षा जास्त त्या पितळी जाळ्यांमध्ये गेलं. पण सासरी कोण विचारतंय? सुनेनं भाकरी गोल थापावी, झालं. आणि नवरा चारचौघांत गाडी चालवतो आणि बायको गाडी दुरुस्त करते, हे त्या काळी त्याच्याही पचनी पडलं नसतं. पण त्या माळावर चारचौघं कुठं होते? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी डबा सीटवर ठेवला, खाली उतरले आणि नव्या साडीचा पदर खोचला.

“अहो, जरा सरका. आधी पाणी कुठं जातंय ते बघू, मग कारणं शोधू.”

“तू बघनार?”

“मग कोण, उदबत्तीचा पुडा?”

हे सरकले. मी फडक्यानं धरून वरचा रबरी पाइप चाचपला, खालचा चाचपला. दोन्ही कोरडे. पाण्याच्या पंपाखाली ओल नाही. पट्टा ताठ. तेलाची कांडी ओढून पाहिली. तेलात पाणी उतरलं असलं तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं, मग आपण संपलो, गाडी ओढूनच न्यावी लागते. तेल काळं, नितळ. मला हायसं वाटलं. गाडीखाली वाकून पाहिलं, रस्त्यावर थेंब नव्हता.

“बघ,” हे म्हणाले, “गळत न्हाई.”

“बंद असताना नाही गळत. तुम्ही दरवेळी इंजिन बंद करून बघता. चालू करा, आणि पाय द्या जरा.”

वाफ ओसरली होती. ह्यांनी गाडी चालू केली, पाय दिला, आणि मी रेडिएटरसमोर तोंड नेलं. आधी काहीच दिसेना. मग जाळीच्या खालच्या अंगाला, डाव्या बाजूला, उन्हात काहीतरी चमकलं. केसाएवढी बारीक पाण्याची चिळकांडी. गरम जाळीवरच तिची वाफ होत होती, म्हणून खाली थेंब नव्हता. भोक टाचणीच्या टोकाएवढं असेल. त्यानं आमचं सगळं पाणी प्यायलं होतं.

“सापडलं!” मी ओरडले. हा ओरडा मात्र आनंदाचा होता.

आनंद फार टिकला नाही. सापडलं खरं, पण बुजवायचं कशानं? आण्णांच्या दुकानात डाक देण्याची, भोक झाळायची कांडी असते, शेगडी असते. इथं उदबत्ती होती. पाणी म्हणाल तर एकच कॅन. तो तसाच ओतला तर आणखी थोडा पल्ला मारता आला असता आणि पुढं पुन्हा हाच माळ. हे रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, कपाळावर हात धरून दोन्हीकडं पाहत. येणारं जाणारं कुणी नव्हतं. सूर्य कलायला लागला होता.

“काय घातलं तर भोक बुजंल?” आत्यांनी विचारलं. “माझी मिसरी घाल की. दातांच्या फटी बुजत्यात तिनं.”

मला हसू आलं. “मिसरी वाहून जाईल, आत्या. पाण्यात फुगून भोकात अडकेल असं काहीतरी पाहिजे. भुकटीसारखं. ट्रकवाले तर—”

आणि मी थांबले.

“ट्रकवाले काय?”

“काही नाही.”

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी कुठं बघत होते ते त्यांनी पाहिलं. मान वळवून त्यांनीही सीटवरच्या लाल फडक्याकडं पाहिलं.

“हळद घालत्यात व्हय?”

मी मान डोलावली. ट्रकवाले वाटेत रेडिएटर गळायला लागला की ढाब्यावरून मूठभर हळद मागून आत टाकतात. आण्णांना त्याचा भारी राग. नंतर रेडिएटर उघडला की सगळ्या नळ्यांत पिवळा चिखल बसलेला, आणि तो खरवडता खरवडता त्यांच्या तोंडाची सरबत्ती चालू. पण गाडी मुक्कामाला पोचते, हे तेही नाकारायचे नाहीत.

“तेल आहे का त्यात?” मी विचारलं. “तेल असलं तर उपयोग नाही.”

“न्हाई. आपल्यात हळद पान्यातच कालवत्यात. तेल येगळं लावत्यात.”

हे धावत आले. “खुळ्या झालाय का काय दोघी? उष्टी हळद गाडीत घालनार? मानसं काय म्हनतील?”

“मानसांचं मी बघते,” आत्या म्हणाल्या. “तिकडं पोरगी उपाशी बसलीया. समदी हळद घिऊन आपन रातच्याला पोचलो तर तिला ती कशाला? संपा, तू गाडीत बस.”

हे मुकाट बसले. आत्यांनी ‘संपा’ म्हटलं की संपतराव पाटील शाळेत जायच्या वयाचे होत.

रेडिएटर गार होऊ दिला. मग झाकण फडक्यानं हळूहळू फिरवून काढलं, कॅनमधलं पाणी ओतलं. थेंबही सांडू दिला नाही. ह्यांच्या खांद्यावरचं नवं उपरणं मागून घेतलं, त्याची घडी केली, आणि पुढच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या फटीतून दोन्ही हात खाली घालून ती घडी त्या भोकावर दाबून धरली. हळद फिरून भोकापाशी यायच्या आत आमचं शेवटचं पाणी निघून जायला नको होतं.

“चालू करा. हळू ठेवा. आत्या, घाला आता हळद. थोडी थोडी.”

इंजिन चालू झालं. हळद काही पडेना. मी मान वर करून पाहिलं. आत्या डबा हातात घेऊन उभ्या होत्या. झाकण उघडं होतं.

“मी?” त्या म्हणाल्या.

“मग कोण, आत्या? ह्यांना पाय काढता येत नाही. मला हात काढता येत नाही.”

“चमचा तर आन की गं.”

“चमचा कुठला आणू इथं?”

आत्यांनी डब्याकडं पाहिलं. उजवा हात पुढं केला, मागं घेतला, लुगड्याला पुसला. स्वच्छच होता तो, तरी पुन्हा पुसला. मी खाली भोकाकडं बघत असल्याचं दाखवलं, पण बघत त्यांच्याकडंच होते. ज्या बाईनं दोन पोरांना न्हाऊ-माखू घालून मोठं केलं, तिनं त्यांच्या लग्नातल्या हळदीला बोट लावायचं नाही, हे मी इतके दिवस ऐकत होते, मान्यही करत होते. त्या माळावर पहिल्यांदा मला त्याचा राग आला.

मग त्यांनी डोळे मिटले आणि सबंध हात डब्यात घातला.

पहिला गोळा रेडिएटरच्या तोंडात पडला. दुसरा पडला.

“किती गं?”

“अजून.”

“ही गाडी हाय का जावई?” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर फसकन हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. आत ह्यांनी मान फिरवून रस्त्याकडं पाहायला सुरुवात केली. ह्यांना कुणाच्याही डोळ्यांतलं पाणी सहन व्हायचं नाही, आत्यांच्या तर मुळीच नाही.

अर्धा डबा आत गेला. पाणी गढूळ पिवळं होऊन फिरायला लागलं. मी झाकण पुरतं न आवळता अर्ध्यावरच बसवायला सांगितलं, म्हणजे आत दाब कोंडायला नको. मग उपरणं हळूच बाजूला केलं. पिवळी चिळकांडी. ती बारीक झाली. मग थेंब थेंब. मग एक थेंब भोकाच्या तोंडाशी आला, लोंबला, आणि तिथंच राहिला.

“बुजलं!”

ह्यांनी त्या ओसाड माळावर असा काही हॉर्न वाजवला की बाभळीवरचा एकुलता एक होला उडून गेला.

गाडी हळू हाकायची होती, चढाला धीरानं घ्यायची होती, आणि ह्यांनी चक्क माझं ऐकलं. काटा वर जायचा, थरथरायचा, पुन्हा खाली यायचा. मी मागं आत्यांच्या शेजारी बसले. आत्या पदराच्या टोकानं हात खसाखसा पुसत होत्या. पाणी तर सगळं गाडीनं प्यायलेलं. थुंकी लावून पुसलं, वाटेत एकदा उतरून मातीनं चोळलं. हळद ती, जातेय कशाची! नखांच्या कडा, तळव्याच्या रेघा, सगळ्यांत जाऊन बसलेली.

“वैजू, दिसतंय का गं?”

“नाही दिसत,” मी म्हणाले. धडधडीत दिसत होतं.

त्यांनी हात पदराखाली घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य माळाला टेकायचा होता. मांडवात बायका वाट बघत ताटकळलेल्या. छाया पाटावर बसली होती, सुकलेल्या तोंडाची, पण डोळे मोठे तरतरीत. तिची चुलती सगळ्यांच्या पुढं आली, अंगानं बारकी, आवाजानं मोठी. माझ्या हातातला डबा घेऊन तिनं उघडला.

“एवढीच?”

“वाटंत जरा सांडली,” हे घाईनं म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घातली. खोटं तर खोटं, निभावलं म्हणजे झालं, असंच मलाही वाटत होतं.

“सांडली न्हाई,” आत्या मागून म्हणाल्या. “गाडीचं पानी गळत हुतं. हळद घालून भोक बुजवलं. तवा कुठं हितवर पोचलो.”

मांडवात एक-दोघी फिदीफिदी हसल्या. चुलती हसली नाही.

“नवऱ्याची उष्टी हळद गाडीत? आन् कुनी घातली?”

“मी,” मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मलाच नवल वाटलं.

चुलतीनं माझ्या हातांकडं पाहिलं. मीही पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं आणि काजळीनं काळेकुट्ट. पिवळा ठिपका म्हणून कुठं नव्हता.

हे काहीतरी बोलायला गेले, तर आत्यांनी डाव्या हातानं त्यांना थांबवलं. उजवा हात पदराखालून बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढं धरला.

“ती लेकरू हाय, माझ्यासाठी खोटं बोलतीया. मी घातली. दुसरं कुनी मोकळं न्हवतं म्हनून घातली. काय म्हनायचं ते मला म्हना, पोरीची हळद खोळंबवू नका.”

आत्यांचा हात तसाच पुढं होता. मी त्यांच्याजवळ सरकले.

“काकू,” पाटावरून आवाज आला. छाया बोलत होती. हळदीच्या पाटावरची नवरी बोलते हेच कुणी पाहिलं नव्हतं. “हळद ‘एवढीच?’ म्हनालीस न्हवं?”

“व्हय. मग?”

“मग त्या हातावरची कशाला वाया घालवायची?”

आणि तिनं तोंड वर केलं. डोळे मिटले. आत्यांसमोर गाल धरून बसली, दटावून न्हाऊ घालायला बसवलेल्या पोरीसारखी.

आत्यांनी हात मागं ओढला. “नगं पोरी. नवी सुरवात हाय तुझी.”

“मला वाढायला कोन हाय त्या घरात तुमच्याबिगर?” छाया डोळे न उघडताच म्हणाली. “सासू न्हाई मला. उत्तमनं सांगितलंय समदं. लावा आता. मला भूक लागलीया.”

मी चुलतीकडं पाहिलं. तिच्या एका शब्दावर सगळं होतं, ती घरची कर्ती बाई. तिनं बाहेर बघितलं, माळावर सूर्याची कड उरली होती. मग आत्यांच्या हाताकडं बघितलं, बराच वेळ. शेवटी पाटाशेजारचा तांब्या उचलून तिनं आत्यांपुढं धरला.

“वाळलीया ती,” ती म्हणाली. “तशी लागायची न्हाई. पानी लावा आदी.”

आत्यांनी बोटं बुडवली. पहिल्या गालाला लावताना त्यांचा हात इतका कापत होता की हळदीची रेघ वाकडी उमटली, कानापर्यंत गेली. छाया हलली नाही. दुसऱ्या गालाला लावताना हात कापला नाही.